चारपैकी चौथी फाईल

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. जेवणाच्या टेबलावर फायली चार.

“अहो, भात फायलींवर वाढू, की फायलीच वाडग्यात वाढू?” तोकिएने विचारले. तिच्या दोन्ही हातांत मिसो सुपाचे वाडगे होते आणि टेकवायला तळहाताएवढीही जागा नव्हती.

हानाओका योशिहारु यांनी वर पाहिले नाही. ते लेबले वाचत होते. ‘४ पैकी १ : जमा’. ‘४ पैकी २ : खर्च’. ‘४ पैकी ३ : कामांची नोंद’. चौथ्या फायलीवर नुसतेच ‘४ पैकी ४’ होते, पुढे काही लिहिलेले नव्हते. पहिल्या तीन त्यांनी कापडी पिशवीत उभ्या लावल्या. चौथी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“ती नेणार नव्हता ना?”

“नेणार नाही.”

“मग टेबलावर काय करतेय?”

“संच पूर्ण आहे का, ते बघत होतो.”

तोकिए बावीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे मुलांचे जेवण रांधत होती. अर्धे उत्तर तिला कच्च्या बटाट्यासारखे चटकन कळे. तिने कोपराने फायली सरकवून वाडगे ठेवले आणि म्हणाली, “तुमच्याच्यानं चारातली एक घरी राहायची नाही. लिहून देते.”

झालेही तसेच. आठ वाजता निघताना चौथी फाईल पिशवीत गेली, मात्र आडवी, तळाशी, जेवणाच्या डब्याच्या खाली. न्यायची, पण दाखवायची नाही, असा मधला मार्ग हानाओकांनी काढला होता.

कर कार्यालयाचे पत्र वीस जानेवारीला आले होते. भाषा सौम्य होती. आपण पगारदार आहात, गेली तीन वर्षे जोडधंद्यातला तोटा आपण पगारातून वजा केला आहे, त्याबाबत थोडी विचारपूस करावयाची आहे, तरी वह्या घेऊन यावे. हानाओकांनी ते पत्र तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा त्यातून एकच प्रश्न निघाला होता. तुमचा हा धंदा आहे की छंद?

प्रश्नात घाबरण्यासारखे काय होते, ते सांगायला हवे. पगारदार माणसाला खऱ्या धंद्यात तोटा आला, तर तो पगाराच्या मिळकतीतून वजा होतो आणि पगारातून आधीच कापलेल्या करातला काही भाग परत मिळतो. तो धंदा नसून नुसतीच इतर मिळकत ठरली, तर तोटा ज्याचा त्याने गिळायचा. हानाओकांना तीन वर्षांत मिळून त्र्याहत्तर हजार नऊशे येन परत आले होते. ते फेडणे अवघड नव्हते. अवघड होता तो खणातला दुसरा कागद.

सरोवराकाठच्या त्या गावात वाफेचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात हानाओकांना अडतीस वर्षे दहा महिने झाले होते. तंत्रमहाविद्यालयातून विसाव्या वर्षी बाहेर पडून ते थेट तिथल्या चाचणी विभागात लागले, आणि आता साठीला चार महिने उरले होते. साठीनंतर पुन्हा कामावर राहायचे का, हे अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत कारखान्याला कळवायचे होते. कागदावर तीन चौकोन होते. आठवड्याचे पाच दिवस, आठवड्याचे तीन दिवस, राहणार नाही. हानाओकांनी मनाशी ठरवले होते, आणि तोकिएला ते न सांगता ठाऊक होते, की कर कार्यालयाने ‘धंदा’ म्हटले तर दुकानाला दिवस द्यायचे. ‘छंद’ म्हटले, तर पाच दिवसांवर खूण करायची आणि पासष्टीपर्यंत त्याबद्दल बोलायचे नाही.

दुकान म्हणजे घरामागची नऊ चौरस मीटरची खोली. तिथे ते घरगुती विणकाम यंत्रे दुरुस्त करीत. टेबलावर आडवे पसरणारे दोनशे सुयांचे ते यंत्र एके काळी त्या खोऱ्यातल्या घरोघरी होते. मुली ते सासरी घेऊन येत आणि त्यावर अख्ख्या घराचे स्वेटर विणत. बनवणाऱ्यांनी ते बनवणे सोडून दिले आणि सुटे भाग मिळेनासे झाले. सुया दाबून धरणाऱ्या स्पंजच्या पट्टीचा कुजून डांबरासारखा लगदा होऊ लागला. पण यंत्रे टाकवत नव्हती, कारण ज्यांची होती त्या ऐंशीच्या घरातल्या बाया अजून होत्या.

विभागप्रमुख मियासाकांनी जोडधंद्याच्या परवानगीच्या अर्जावर ‘छंद म्हणून हरकत नाही’ असा शेरा मारला होता. तेव्हापासून सोमवारी सकाळी ते हटकून विचारत, “काय हानाओका-सान, या रविवारी किती टाके?” हानाओका हसत. पण तो शेरा त्यांना ताटातल्या खड्यासारखा चार वर्षे लागत होता.

कर कार्यालयाच्या दालनात कर्मचारी घडीची टेबले उघडून मांडत होते. पुढच्या सोमवारपासून विवरणपत्रे घेण्याचा हंगाम सुरू होणार होता. हानाओकांना आतल्या छोट्या खोलीत बसवण्यात आले. समोर ओगिसो नावाच्या अधिकारी होत्या, वय पस्तिशीचे, केस मागे घट्ट बांधलेले, बाहीवर पेन्सिलची रेघ. त्यांनी वाकून नमस्कार केला, आल्याबद्दल आभार मानले आणि तिन्ही फायली एका मागोमाग एक अशा चाळल्या, की चाळीस मिनिटे पानांच्या आवाजाखेरीज काही नव्हते.

“एकसष्टाव्या पानावर,” त्या म्हणाल्या, “जमेच्या बाजूला ‘एक बंडी, तीन हजार येन’ असं आहे. हे काय?”

“एका कामाचे पैसे घेतले नव्हते. त्याबदली बंडी मिळाली. वस्तू मिळाली तरी ती मिळकतच.”

“कुठली बंडी?”

“ही.”

ओगिसोंनी त्यांच्या अंगातल्या करड्या लोकरीच्या बंडीकडे पाहिले.

“आणि तीन हजार किंमत कुणी ठरवली?”

“दुकानात जाऊन बघून आलो. बिनबाह्यांची, लोकरीची, साधारण याच वजनाची.”

“वजन केलंत?”

“दोनशे नव्वद ग्रॅम.”

ओगिसोंनी मान खाली घातली. खांदे किंचित हलले, मग स्थिर झाले.

“हानाओका-सान, इतक्या नीट ठेवलेल्या वह्या मी या खुर्चीत बसल्यापासून पाहिल्या नाहीत.”

“आभारी आहे.”

“म्हणूनच जरा पंचाईत आहे.” त्यांनी पान उलटून त्यांच्या बाजूला फिरवले. “यात सगळं लख्ख दिसतं. पहिल्या वर्षी तुम्ही चौतीस यंत्रं दुरुस्त केलीत. दर यंत्रामागे साडेआठ हजार घेतलेत. आणि दर यंत्रात नुसत्या सुयाच बारा हजारांच्या घातल्यात. हे बघा ना, तक्रार काय, तर ‘एक सुई वाकली’. आणि बदलल्या किती, तर दोनशे.”

“उरलेल्या एकशे नव्व्याण्णव त्याच वयाच्या होत्या.”

“पण वाकल्या नव्हत्या.”

“तेव्हा नव्हत्या.”

ओगिसोंनी पेन्सिल खाली ठेवली. “माझी आजी याला नाकापेक्षा मोती जड म्हणाली असती. आमच्या भाषेत सांगायचं, तर ज्यात नफा कमवायचा हेतूच दिसत नाही, त्याला आम्हाला धंदा म्हणता येत नाही. तुमची वर्षाची उलाढाल पगाराच्या मानानं फार लहान आहे. तीनही वर्षं तोटा. अशा वेळी आम्ही एकच गोष्ट शोधतो. तोटा कमी व्हावा म्हणून माणसानं काय केलं? तोटा कमी झालेला दिसतो, पहिल्या वर्षी तीन लाख शहाऐंशी हजार, तिसऱ्या वर्षी सत्त्याण्णव हजार तीनशे. पण तो तुम्ही कमी केलात की आपोआप झाला, ते या वह्या सांगत नाहीत.”

“मग याला काय म्हणता?”

“‘इतर’ असा एक रकाना आहे.”

“आणि साध्या बोलण्यात?”

“छंद,” त्या हळूच म्हणाल्या. मियासाका जो शब्द हसत म्हणत, तोच त्यांनी दिलगिरीने म्हटला. तो तसा ऐकायला अधिक जड गेला.

हानाओकांनी मान तुकवली. खणातल्या कागदावरचा पहिला चौकोन त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी फायली आवरायला हात पुढे केला, तेव्हा ओगिसो तिसऱ्या फायलीच्या पाठीवरचे लेबल वाचत होत्या.

“यावर ‘४ पैकी ३’ लिहिलंय.”

हानाओकांचा हात हवेतच राहिला.

“चौथी कुठंय?”

“ती कामाची नाही.”

“कामाची नाही, तर तिला क्रमांक का दिलात?”

अडतीस वर्षे त्यांनी नव्या मुलांना शिकवले होते, की संचातला एक भाग गहाळ असेल तर संच आला असे लिहू नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी डबा बाहेर काढून मांडीवर ठेवला, तळाची फाईल काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

फायलीत पंचेचाळीस कागद होते. एप्रिल २०२१ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत दर महिन्याचा एक. कारखान्यात दर विभागाला महिन्याला एक सुधारणापत्रक लिहावे लागे. वर समस्या, खाली पाच वेळा ‘का?’, मग उपाय, मग परिणाम, आणि तळाशी शिक्के. हानाओकांनी आपल्या नऊ चौरस मीटरच्या दुकानालाही तोच नियम लावला होता.

“जबाबदार व्यक्ती, हानाओका,” ओगिसो वाचू लागल्या. “तपासणारे, हानाओका. मंजुरी, हानाओका. तिन्ही शिक्के तुमचेच?”

“दुसरं कुणी कामाला नाही.”

“आणि या कागदावर ‘नामंजूर’ कुणी मारलंय?”

“मीच. तो उपाय मला पटला नाही.”

“पण सुचवला तुम्हीच होतात.”

“सुचवताना पटला होता.”

या वेळी ओगिसोंनी हसू लपवले नाही. पुढे मात्र त्या गंभीर होत गेल्या. एका कागदावर लोकरीच्या दुकानात जाहिरात लावण्याचा उपाय होता, परिणाम ‘दोन ग्राहक, एकाचे यंत्र शिलाईचे निघाले’. एकावर पट्टीचा स्पंज स्वतः कापण्यासाठी केलेल्या साच्याचे चित्र होते, अठराशेची पट्टी त्यामुळे दोनशे चाळीसला पडू लागली होती. विसाव्या कागदाशी, नोव्हेंबर २०२२ च्या, त्या थांबल्या. तो त्यांनी मोठ्याने वाचला नाही. पण हानाओकांना तो पाठ होता.

समस्या : तोटा.

का? सुयांचा खर्च दुरुस्तीच्या दरापेक्षा जास्त.

का? दर वेळी सर्व सुया बदलल्या जातात.

का? दुरुस्त करणारा न वाकलेली सुईही धोक्याची मानतो.

का? एक भाग बिघडला की बाकीचेही बिघडणार, अशी त्याची खात्री आहे.

का? कारण १९८९ साली मी एकच सील बदलले होते.

“हे एकोणनव्वद साली काय झालं होतं?” ओगिसोंनी विचारले. “कराचा प्रश्न नाही हा. नाही सांगितलंत तरी चालेल.”

हानाओकांनी सांगितले, चाचणीचा अहवाल द्यावा तसे. वाफेच्या चाचणीचे टेबल, त्याच्या सांध्यांत वाफ अडवणारी आठ सील. एक गळत होते. नियमात आठही बदला असे नव्हते, आणि आठ काढायला अर्धा दिवस गेला असता. चोवीस वर्षांच्या हानाओकांनी गळणारे तेवढे बदलले. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे फुटले. टेबलाशी तेराशिमा होते, वयाने अकरा वर्षांनी मोठे, त्यांना काम शिकवणारे. डावा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात हानाओका जमिनीला कपाळ टेकून बसले, तेव्हा तेराशिमा पलंगावरून म्हणाले होते, “अरे, हात माझा, सील कंपनीचं. तू जेवलास का?” पुढे तीस वर्षांत तो विषय त्यांनी काढला नाही. हानाओकांनी मात्र त्या दिवसापासून आयुष्यात कुठलीही गोष्ट एकटी बदलली नाही. घरातला एक दिवा गेला, तर तोकिए सगळे दिवे आणून ठेवी.

“आणि उपाय?” ओगिसोंनी कागदाकडे बोट केले.

“मापक केलं. सुई त्यात सरकवायची. पाच शतांश मिलिमीटरहून जास्त झिजलेली तेवढी काढायची, बाकीच्या ठेवायच्या.”

“केलंत तसं?”

“लगेच नाही जमलं. पहिलं वर्षभर मापकात बसलेल्या सुयाही काढायचो, निदान अर्ध्या. हात वळत नव्हता. मागच्या वर्षापासून जमतंय.”

“बदल केल्यापासून परत आलेली यंत्रं किती?”

“शून्य. सव्वीस महिन्यांत शून्य.”

ओगिसोंनी शेवटचा, डिसेंबरचा कागद उघडला. दर साडेआठ हजारांवरून नऊ हजार आठशे केल्याची नोंद होती आणि खाली, परिणामाच्या चौकोनात, बारीक अक्षरात ‘वर्षाचा नफा १,१४० येन’.

“हे का लपवत होतात, हानाओका-सान?”

“पंचेचाळीस कागद आहेत. पहिल्या चव्वेचाळीसांवर मी माझ्या हातानं ‘समस्या, तोटा’ असं लिहिलंय. तुम्ही म्हणाल, याला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, तरी करत राहिला.”

“मी इथं रोज तोटाच वाचते,” ओगिसो म्हणाल्या. “त्याच्याशी महिन्याच्या महिन्याला कुणी भांडलेलं पहिल्यांदाच बघतेय.” त्या उठल्या. “मला एकटीला ठरवता येत नाही. वरिष्ठांना दाखवायला लागेल. या सगळ्याच्या प्रती काढते. दोन आठवड्यांत फोन करीन. पंचेचाळीस कागदांना वेळ लागेल, तोवर तो डबा खाऊन घ्या. मघापासून मांडीवर धरून बसलात.”

रविवारी, सोळा तारखेला, हानाओका तेराशिमांच्या घरी गेले. तेराशिमा जाऊन साडेपाच वर्षे झाली होती. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला उदबत्ती लावायला गेले असताना हानाओकांना कोपऱ्यात चादरीखाली झाकलेले विणकाम यंत्र दिसले होते. ते दुरुस्त केले, आणि तिथून गावभर बोलबाला होऊन दुकान उभे राहिले. बंडी त्याच यंत्रावर विणलेली. तेराशिमा काकूंच्या यंत्राची ते दर फेब्रुवारीत तपासणी करीत, आणि मापक आल्यानंतरही, नफ्याच्या वर्षातही, त्या एका यंत्रात मात्र दर वर्षी न चुकता दोनशे नव्या सुया घालत. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. वहीत तो खर्च ‘स्वतःचा’ म्हणून वेगळा काढलेला असे.

त्या रविवारी त्यांनी पिशवीतून सुयांचा डबा काढला, तो बाजूला ठेवला, आणि मापक हातात घेतले. एकेक सुई त्यात सरकवत गेले. एकशे नव्व्याण्णव सुया बसल्या. एकशे सतरावी सैल पडली. ती काढून नवी घातली.

“झालं एवढ्यात?” तेराशिमा काकू चहा आणि मुळ्याच्या पाल्याचे लोणचे घेऊन आल्या. “दर वर्षी चार वाजतात तुम्हाला.”

“या वेळी एकच बदलली, काकू.”

“एकच?”

“बाकीच्या चांगल्या आहेत. मोजून बघितल्या.”

काकूंनी चहा त्यांच्यासमोर सरकवला. “बरं झालं बाई. दर वर्षी दोनशे बदलायचात, मला वाटायचं आपलाच हात वाईट आहे, आपण यंत्राची नासाडी करतो. विणायची भीती वाटायची. विचारायची लाज.”

हानाओकांनी सुयांचा डबा पिशवीत परत ठेवला.

“आणि हे सांगायचे,” काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले, “हानाओकाला कधी बल्ब बदलायला बोलवू नको, घर बदलून जाईल. हसायचे एवढं बोलून. मग म्हणायचे, त्याला कुणीतरी एकदा सांगायला पाहिजे.”

“काय?”

“ते नाही सांगितलं. एवढंच म्हणायचे, सांगायला पाहिजे. मग जेवायचे.”

फोटोतले तेराशिमा हाताची घडी घालून बसलेले होते, डावा हात वर. हानाओकांनी चहा घेतला. लोणचे चांगले मुरले होते. निघताना त्यांनी जुनी, एकशे सतरावी सुई कागदात गुंडाळून खिशात ठेवली, आणि काकूंनी या वेळी न विचारता त्यांच्या पिशवीत बटाटे भरले. किती ते हानाओकांनी घरी जाऊन मोजले. वस्तू मिळाली तरी ती मिळकतच होती.

फोन गुरुवारी, सत्तावीस तारखेला दुपारी आला. हानाओकांनी तो चाचणी विभागाच्या बाहेर, जिन्यावर उभे राहून घेतला.

“वरिष्ठांनी पाहिलं,” ओगिसो म्हणाल्या. “तिन्ही वर्षांची विवरणं आहेत तशीच राहतील. काही दुरुस्ती नको, काही परत करायला नको. शेऱ्यात ‘व्यवसाय’ असं लिहिलंय.”

हानाओकांनी फोनलाच वाकून नमस्कार केला. जिन्यावरून उतरणाऱ्या दोन मुलांनी तो पाहिला आणि आदराने वाट बदलली.

“आणि एक,” ओगिसो म्हणाल्या. “या वेळी तुमचा नफा अकराशे चाळीस आहे. पगारदाराचा बाकीचा नफा इतका छोटा असला, तर त्यासाठी आमच्याकडे विवरण भरावं लागत नाही. यायची गरज नाही तुम्हाला.”

“नाही आलो तरी चालेल?”

“चालेल.”

“तोटा होता तेव्हा तीन वर्षं आलो होतो.”

“या मग,” त्या म्हणाल्या. “सोमवारी सकाळी गर्दी कमी असते.”

जेवताना त्यांनी तोकिएला सांगितले. तिने हातातली पळी ठेवली, कोमट पाण्यात हात धुतले, पुसले, आणि मग टेबलाशी येऊन बसली. अलीकडे दोन आठवडे ती अशी निवांत बसली नव्हती, हे हानाओकांना तेव्हा कळले.

“म्हणजे माझा नवरा आता धंदेवाला झाला.”

“चार वर्षांपासून होता. आता लिहून आलं.”

“आणि अकराशे चाळीस येनवर दोघं जगायचं का?”

“तेवढ्यावर नाही.” त्यांनी खणातला कागद काढला, तिच्यासमोर ठेवला आणि मधल्या चौकोनावर खूण केली. आठवड्याचे तीन दिवस. मग शिक्का मारून शाई वाळेपर्यंत कागद हातात आडवा धरला. तोकिएने खूण नीट निरखून पाहिली, जणू भाताला वाफ आली की नाही ते पाहावे.

“पहिल्या चौकोनाची भीती वाटत होती मला,” ती म्हणाली. “तिसऱ्याची त्याहून जास्त.”

शुक्रवारी मियासाकांनी कागद घेतला आणि सवयीने म्हणाले, “मग, उरलेले चार दिवस छंदाला?”

“धंद्याला,” हानाओका म्हणाले. आवाज चढवला नाही. मियासाकांनी चष्म्यावरून पाहिले, पुन्हा कागद वाचला आणि म्हणाले, “आईचं एक यंत्र माळ्यावर पडलंय. दर काय तुमचा?”

“नऊ हजार आठशे.”

“ओळखीच्याला?”

“नऊ हजार आठशे.”

सोमवारी, तीन मार्चला, हानाओका विवरण घेऊन निघाले. तोकिए दारात उभी होती.

“कर किती बसला?”

“शंभर येन.”

“आणि गाडीनं जायला पेट्रोल?”

“साधारण एकशे साठ.”

“म्हणजे आल्या आल्या पुन्हा तोटा.”

हानाओकांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि बंडीची बटणे लावली. सरोवराच्या काठाने चालत गेले. पंचेचाळीस मिनिटे लागली. दालनात घडीच्या टेबलांशी लोक कागद जुळवत बसले होते. ओगिसो लांब कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांनी ओळखून मान हलवली. खिडकीपाशी हानाओकांनी खिशात हात घातला, तेव्हा नाण्याबरोबर कागदात गुंडाळलेली सुई बाहेर आली. सुई परत ठेवली. नाणे थाळीत ठेवले.

घरी आल्यावर त्यांनी पावतीसाठी नवी फाईल काढली आणि जुन्या चार फायलींच्या लेबलांवरचे ‘४ पैकी’ खोडरबराने हलक्या हाताने पुसून तिथे ‘५ पैकी’ लिहिले. मग पाचवीत पावती लावली.

भरलेला कर : शंभर येन.